सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: जुन्या इंजेक्शनच्या गाडीसाठी आधी स्कॅनर, प्रेशर गेज की मल्टिमीटर?

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल येते आहे की नाही हे पाहायला पाईप काढून बाटलीत धरला तरी भागत असे. इंजेक्शनच्या गाडीत नुसते पेट्रोल येणे पुरेसे नसते. ते ठरलेल्या दाबाने यावे लागते, इंजेक्टर ठरलेल्या क्षणी उघडावा लागतो, आणि तो किती वेळ उघडा ठेवायचा हे ज्या कंट्रोल युनिटने ठरवायचे त्याला मुळात इंजिन फिरते आहे हे कळावे लागते. या साखळीतली कोणतीही कडी निसटली तरी चालकाला दिसणारे लक्षण एकच असते: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडते, पण फार आढेवेढे घेऊन.

अशा वेळी मालकापुढे साधारण चार वाटा असतात. स्कॅनर लावून कोड वाचावेत, फ्युएल प्रेशर गेज लावून दाब मोजावा, मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घेऊन वायरिंगचा माग काढावा, किंवा संशय येईल तो पार्ट बदलून पाहावा. चौथी वाट सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत महाग पडते. उरलेल्या तिघांपैकी आधी काय हाती घ्यावे, पैसे कशावर घालावेत आणि कोणती गोष्ट गॅरेजवर सोपवावी, हा या आढाव्याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो: गाडी जितकी जुनी तितका स्कॅनर मुका आणि गेज व मीटर बोलके, पण आधी कोणते काढायचे हे गाडीच्या वयापेक्षाही बिघाड कोणत्या वेळी दिसतो यावर ठरवावे.

‘जुनी’ या शब्दाची कक्षाही ठरवून घेऊ. बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक, सतत फवारा मारणारी प्रणाली १९७३ मध्ये आली आणि इलेक्ट्रॉनिक एल-जेट्रॉनिक १९७४ मध्ये. तिथपासून नव्वदच्या दशकापर्यंत प्रत्येक कंपनीचे निदानाचे सॉकेट, कोड आणि ते वाचण्याची रीत निराळी होती. ओबीडी-२ हे सामाईक सॉकेट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले, आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून. पुढचे सगळे विवेचन याच काळातल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) फवारा मारणाऱ्या गाड्यांना लागू आहे. डिझेल कॉमन रेल किंवा थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांतले दाब इतके प्रचंड असतात की तिथे घरी पाईप सैल करण्याचा विचारही करू नये.

कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी

बॅटरी अशक्त असेल तर पुढची सगळी मोजमापे फसवी निघतात. बंद गाडीत पूर्ण चार्ज बॅटरीचा व्होल्टेज साधारण १२.६ असतो, आणि सेल्फ फिरत असताना तो ९.६ च्या खाली जाऊ नये अशी सर्वमान्य मर्यादा आहे. त्याहून खाली गेला तर सेल्फ फिरतो खरा, पण त्याच वेळी पंप मंदावतो, कॉइलची ठिणगी फिकी पडते आणि जुने कंट्रोल युनिट मध्येच शुद्ध हरपते. पंप बदलून झाल्यावर बॅटरी बदलण्याची पाळी अनेकांवर आलेली आहे. दुसरे म्हणजे टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतून पाहावे. जुन्या गाडीचा इंधनकाटा हा साक्षीदार म्हणून फारसा विश्वासार्ह नसतो. तिसरे, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी यंत्रणा) असलेली गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल, तर इंधनाच्या वाटेला जाऊच नये.

यानंतर चावी ‘ऑन’ करून, सेल्फ न मारता, मागच्या सीटखाली किंवा टाकीजवळ कान द्यावा. बहुतेक गाड्यांत पंप दोनेक सेकंद गुणगुणून थांबतो. हा आवाज नसेल तर लगेच पंपावर खापर फोडू नये, कारण सुरुवातीच्या एल-जेट्रॉनिक गाड्यांत पंपाचा स्विच हवा मोजणाऱ्या झडपेवरच बसवलेला असे आणि हवा आत ओढली जाऊन झडप हलेपर्यंत पंप चालतच नसे. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल जवळ असणे हे कोणत्याही साधनाइतकेच मोलाचे आहे, ते अशाच कारणांसाठी.

स्कॅनरला काय दिसते आणि काय दिसत नाही

स्कॅनर इंजिन तपासत नाही. इंजिनाविषयी कंट्रोल युनिटची जी समजूत आहे ती तो वाचून दाखवतो. हा भेद नीट ध्यानात घेतला तर त्याचे बळ आणि दुबळेपण दोन्ही कळतात. जुन्या गाडीच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाब मोजणारा सेन्सर नसतो. दाब ठरावीक राखणाऱ्या नियामकातून (प्रेशर रेग्युलेटर) किती बारने (बार हे दाबाचे एकक) पेट्रोल येते आहे हे कंट्रोल युनिटला माहीतच नसते. दाब बरोबर आहे असे गृहीत धरून ते इंजेक्टर उघडण्याचा वेळ ठरवते. म्हणून पंप निम्मा मेलेला असला तरी ‘बिघाड नाही’ असे उत्तर मिळू शकते, आणि फार तर मिश्रण पातळ असल्याचा एखादा कोड येतो, ज्याची कारणे डझनभर असू शकतात.

दुसरी अडचण सेन्सरांच्या मर्यादांची आहे. कूलंट तापमानाचा सेन्सर तुटला तर कंट्रोल युनिटला उणे ४० अंशांसारखा अशक्य आकडा दिसतो आणि कोड पडतो. पण तोच सेन्सर म्हातारा होऊन इंजिन गरम असताना २० अंश सांगू लागला, तर तो आकडा शक्यतेच्या कक्षेत बसतो. कोड पडत नाही, आणि गरम इंजिनाला थंडीतल्यासारखे गडद मिश्रण मिळत राहते. प्लग काळे पडतात, गाडी पेट्रोल पिते, दुपारी सुरू होईना म्हणून मालक इंजेक्टर धुऊन आणतो.

मात्र याच ठिकाणी स्कॅनरचा चांगला उपयोगही होतो, फक्त कोड न वाचता चालू आकडे वाचायचे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ‘ऑन’ केली की कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखेच दिसले पाहिजे. त्यात दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे, आणि कोण ते सांगायला साधा तापमापक पुरतो. सेल्फ फिरताना आरपीएमचा आकडा दोनशेच्या आसपास दिसतो की शून्यच राहतो, हेही पाहावे. शून्य राहिला तर इंजिन फिरते आहे हे कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा संदेश पोहोचत नाही. गाडी चालत असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोलाच्या मात्रेत सतत करत असलेली दुरुस्ती, पाहावा. तो अधिक किंवा उणे दहा टक्क्यांच्या आत असावा. सतत त्याच्या बराच वर असेल तर हवा कुठून तरी चोरून येते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. हे सगळे आकडे ओबीडी-२ च्या गाडीत चालू आकडे वाचू शकणारा स्वस्तातला कोड रीडरही दाखवतो.

त्याआधीच्या गाडीत चित्र बदलते. तिथे बऱ्याचदा सॉकेटमधल्या दोन पिना तारेने जोडून डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे असते, आणि मिळतो तो कोड दहा-वीस शक्यतांपैकी एक. ही युक्ती फुकट असल्याने करून पाहावी, पण कोणत्या दोन पिना हे मॅन्युअलमध्ये पाहूनच. चुकीच्या पिना जोडून कंट्रोल युनिट जाळल्यास मूळ बिघाड किरकोळ वाटू लागतो.

गेज: एकाच प्रश्नाचे, पण थेट उत्तर

प्रेशर गेजला ठिणगी, सेन्सर, वायरिंग यांतले काही कळत नाही. पेट्रोलचा दाब किती, एवढेच तो सांगतो, पण ते निःसंदिग्धपणे सांगतो. काही गाड्यांच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखी नळी असते, तिथे गेज सरळ फिरवून बसतो. इतरांत पाईप सोडवून मध्ये टी-जोड घालावा लागतो, म्हणून विकत घेताना गेजपेक्षा त्याच्यासोबतचे जोड आपल्या गाडीला बसतात का ते आधी पाहावे.

परतीचा पाईप असलेल्या नेहमीच्या प्रणालीत नियामकाची व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना दाब अडीच ते तीन बार असतो, आणि ती लावून आयडलिंगवर ठेवले की साधारण अर्ध्या बारने खाली येतो. परतीचा पाईप नसलेल्या नंतरच्या प्रणालींत तो साडेतीन ते चार बारच्या घरात स्थिर राहतो. थ्रॉटल बॉडीवर एकच इंजेक्टर असलेल्या गाडीत एक बारच्या आसपास किंवा त्याहून कमी दाबही निरोगी असतो, तर के-जेट्रॉनिकला पाच बारच्या आसपास लागतो. म्हणजे दोन बार हा आकडा एका गाडीत तंदुरुस्तीचा पुरावा असतो आणि दुसरीत बिघाडाचा. मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर गेज लावण्यात अर्थ नाही. के-जेट्रॉनिकमध्ये तर मूळ दाबाखेरीज नियंत्रण दाबही वेगळा मोजावा लागतो आणि त्यासाठी मध्ये व्हॉल्व्ह असलेला खास गेज लागतो. त्या प्रणालीत अंदाजाने स्क्रू फिरवण्यापेक्षा तो गेज ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी नेणे मी पसंत करीन.

गेज एकदा लावलाच तर एका आकड्यावर समाधान मानू नये. चावी ‘ऑन’ केल्यावर, आयडलिंगवर, व्हॅक्यूमची नळी काढून, आणि इंजिन बंद केल्यावर वीस मिनिटांनी, असे चार आकडे कागदावर लिहावेत. पहिले तीन पंप आणि नियामकाविषयी सांगतात, पण सर्वांत जास्त माहिती चौथ्यात असते. व्हॅक्यूमची नळी काढलेलीच असताना आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, तिला गेज लागत नाही. नियामकाचे ते बारीक तोंड कोरडे असायला हवे. तिथे पेट्रोलचा एखादा थेंब जमून चकाकत असेल, किंवा काढलेल्या नळीच्या टोकाला ओल आणि वास असेल, तर आतला पडदा फाटला आहे; नियामकातून कच्चे पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओढले जात आहे आणि गाडीचा काळा धूर, फुगलेला खर्च, दुपारचा हट्ट या सगळ्यांचे उत्तर त्या थेंबात आहे.

दाब बरोबर म्हणजे पंप बरोबर असेही नाही. फिल्टर चोंदला असला तरी आयडलिंगवर पेट्रोल इतके कमी लागते की दाब पूर्ण दिसतो. चढावर मागणी वाढली की काटा कोसळतो. म्हणून परतीचा पाईप मापाच्या भांड्यात सोडून ठरावीक सेकंदांत किती पेट्रोल येते तेही मोजतात. अनेक गाड्यांत अर्ध्या मिनिटात पाऊण लिटर ते एक लिटर अशी अपेक्षा असते. उघड्या भांड्यात पेट्रोल सोडण्याचे हे काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे. रेलमध्ये गाडी बंद असतानाही दाब असतो, त्यामुळे गेज लावण्यासाठी पाईप सैल करण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, आणि मग जोडाभोवती फडके धरून नट सैल करावा.

मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प

या जोडीला मी तिघांत सर्वांत वरचे स्थान देतो, कारण जुन्या गाडीत पार्ट मरण्याआधी त्याच्यापर्यंत जाणारा करंट मरतो. कप्लरमध्ये हिरवट गंज, अर्थिंगच्या बोल्टखाली रंग, फ्यूजच्या पायाशी वितळलेले प्लॅस्टिक, ही वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीची खरी दुखणी. पंपाच्या कप्लरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजावा, कप्लर काढून नव्हे. काढलेल्या कप्लरमध्ये तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढत नाही. भार आला की तोच धागा हात टेकतो. साधा बल्बचा टेस्ट लॅम्प इथे मीटरपेक्षा प्रामाणिक ठरतो, कारण त्याला पेटायला करंट लागतो. उलट, कंट्रोल युनिटच्या तारांवर बल्बचा लॅम्प लावू नये, त्याचा भार आतल्या नाजूक भागांना सोसत नाही. तिथे मीटरच वापरावा. अर्थिंग तपासताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये सेल्फ फिरत असताना व्होल्टेज मोजावा. तो दोन-तीन दशांशांच्या पुढे गेला तर पट्टी किंवा तिचे जोड साफ करावेत.

इंजेक्टरचा रोध बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहम असतो, काही जुन्या प्रणालींत दोन-तीन ओहम. चारही इंजेक्टर एकमेकांशी जुळणे हे नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. बॉशच्या नेहमीच्या कूलंट सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो, म्हणजे स्कॅनर नसलेल्या गाडीतही खोटे बोलणारा सेन्सर दोन मोजमापांत पकडता येतो. इंजेक्टरला संदेश जातो की नाही हे पाहायला त्याच्या कप्लरमध्ये बसणारा छोटा नॉइड दिवा मिळतो; सेल्फ मारल्यावर तो लुकलुकला तर कंट्रोल युनिट, क्रँक सेन्सर आणि मधली वायरिंग एका झटक्यात संशयातून सुटतात.

या साधनाची खरी मर्यादा वेगळीच आहे: बिघाड हजर असतानाच मोजावे लागते. माझ्या स्वतःच्या गाडीने हा धडा दिला. उन्हात उभी राहिली की ती सुरू होत नसे आणि संध्याकाळपर्यंत आपोआप बरी होई. एका गॅरेजमध्ये आधी पंप बदलला गेला, नंतर फिल्टर, नंतर इंजेक्टर साफ झाले. प्रत्येक वेळी गाडी सकाळच्या गारव्यात तपासली जाई आणि सगळे आकडे बरोबर येत. शेवटी एका दुपारी, गाडी रुसलेली असतानाच, पंपाच्या कप्लरवर टेस्ट लॅम्प धरला तर तो पेटलाच नाही. पंपाची वीज चालूबंद करणाऱ्या रिलेचे झाकण उचकटून भिंगाखाली धरले तेव्हा एका पिनेभोवतीच्या सोल्डरच्या डागात केसाएवढी करडी गोल रेघ दिसली. रिले तापून फुगला की पिन त्या रेघेवर सुटत होती, गार झाला की पुन्हा टेकत होती. सोल्डरचा एक थेंब लागला. बदललेला जुना पंप अजून माझ्या कपाटात आहे आणि तो उत्तम चालतो.

पार्ट बदलून पाहणे याच एका ठिकाणी मला मान्य आहे: रिले. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला रिले त्याच क्रमांकाचा आणि पिनांची मांडणी तीच असेल तर अदलाबदल करायला एक मिनिट लागतो आणि काही खर्च होत नाही. इंधन फिल्टरही किती जुना आहे हे कोणालाच आठवत नसेल तर बदलून टाकावा. याच्या पलीकडे अंदाजाने पार्ट बदलण्यात आणखी एक छुपा धोका असतो, तो म्हणजे नवा पार्टच सदोष निघण्याचा; मग एकाचे दोन बिघाड होतात आणि ‘तो तर नवीनच आहे’ म्हणून दुसऱ्याकडे कोणी बघत नाही.

कोणत्या लक्षणाला कोणते साधन

सकाळी पहिल्यांदा फार वेळ सेल्फ मारावा लागतो आणि दिवसभर तक्रार नसते, असे असेल तर आधी एक फुकटची परीक्षा घ्यावी. चावी ‘ऑन’ करून पंप थांबेपर्यंत थांबावे, बंद करावी, असे तीनदा करून मग सेल्फ मारावा. इंजिनाने लगेच पकडले तर रात्रीत रेलमधला दाब उतरतो आहे, आणि आता गेजची पाळी आहे. गेज लावून इंजिन बंद करावे आणि दाब उतरताना पुरवठ्याचा पाईप, नंतर परतीचा पाईप, गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने आळीपाळीने दाबून पाहावे. गेजच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला दाबल्यावर काटा टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) गळतो, परतीचा पाईप दाबल्यावर टिकला तर नियामक, आणि दोन्हींनी न टिकल्यास एखादा इंजेक्टर ठिबकतो. ही परीक्षा फक्त रबरी पाईपवर आणि पाईप अजून लवचिक असेल तरच करावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने कडक झालेला जुना पाईप चिमट्यात धरला तर तिथेच चिरतो, आणि खरे म्हणजे असा पाईप दिसला तर निदान बाजूला ठेवून आधी तो बदलावा. चेक व्हॉल्व्हची गळती हा मात्र घाईचा बिघाड नाही. चावी तीनदा फिरवण्याची सवय लावून कित्येक जण त्याच पंपावर वर्षानुवर्षे गाडी चालवतात, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. ठिबकणाऱ्या इंजेक्टरला तशी सवलत देऊ नये, कारण ते पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरून ऑइल पातळ करते.

तीनदा चावी फिरवूनही काहीच फरक पडला नाही तर दाबाचा संशय कमी होतो आणि कूलंट सेन्सर, जुन्या जेट्रॉनिकमधला थंडीचा वेगळा इंजेक्टर व तो किती वेळ चालावा हे ठरवणारा थर्मो-टाइम स्विच, किंवा आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावरच गाडी सुरू होत असेल तर हवा कमी मिळते आहे, म्हणजे आयडल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटलवरची काजळी. इथे मीटर आणि साफसफाईचा स्प्रे गेजपेक्षा उपयोगी.

गरम झाल्यावर सुरू होत नाही, हे सर्वांत जास्त दिशाभूल करणारे लक्षण आहे, कारण त्यात जास्त पेट्रोल आणि अजिबात पेट्रोल नसणे, दोन्ही बसतात. भेद करायला पेडल पूर्ण तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. अनेक प्रणालींत अशा वेळी कंट्रोल युनिट इंजेक्टर बंद ठेवते. इंजिनाने खोकत, काळा धूर सोडत पकडले तर पेट्रोल साचले होते, आणि नियामक, ठिबकणारा इंजेक्टर किंवा तापमान सेन्सर यांच्यापैकी कोणीतरी दोषी आहे. काहीच घडले नाही तर सेल्फ फिरताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. बऱ्याच गाड्यांत तो थोडा थरथरतो. मुळीच हलला नाही तर तापल्यावर आतून तुटणारा क्रँक सेन्सर हा पहिला संशयित, आणि तो गरम असतानाच मोजायचा. या लक्षणात स्कॅनर किंवा मीटर आधी, गेज नंतर.

चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीत बंद पडण्याची रीत पाहावी. वीज गेली तर इंजिन चावी फिरवल्यासारखे एकाएकी थांबते. पेट्रोल संपत गेले तर आधी मिस मारते, धक्के देते, दम तोडते. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण दिशा ठरवायला पुरतो. दमणाऱ्या गाडीत गेज लांब पाईपने बाहेर काढून विंडशील्डच्या बाहेरच्या बाजूस चिकटवून चढावर चालवून पाहतात. गेज केबिनच्या आत कधीही घेऊ नये. याच प्रकारात पंपाच्या तारेवर क्लॅम्प मीटर लावला तर पाईप न सोडवताच बरेच कळते. निरोगी पंप साधारण चार ते आठ अँपिअर घेतो. आकडा बराच चढला असेल तर पंप चोंदलेल्या फिल्टरशी झगडतो आहे किंवा त्याचे बेअरिंग जाते आहे, आणि फारच कमी असेल तर तारेत किंवा कप्लरमध्ये रोध आहे. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच असतो, तो खड्ड्यानेही उडतो. तो कुठे आहे हे माहीत असणे हा सर्वांत स्वस्त दुरुस्तीचा मार्ग आहे.

स्टार्टिंग स्प्रेविषयी एक वाक्य लिहावेच लागेल. तो मारल्यावर इंजिन क्षणभर पकडते म्हणजे ठिणगी आहे आणि पेट्रोल नाही, हे अनुमान बरोबर असले तरी तेच उत्तर ओला किंवा कोरडा प्लग काढून पाहिल्यावर मिळते, आणि त्यात तोंडाजवळ भडका उडण्याची शक्यता नसते.

तर घ्यावे काय

गाडी ओबीडी-२ च्या आधीची असेल तर पहिला खर्च बऱ्यापैकी मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प आणि मॅन्युअलवर करावा, दुसरा आपल्या रेलला बसणारे जोड असलेल्या गेजवर, आणि स्कॅनरचा विचार सोडून द्यावा. ओबीडी-२ ची गाडी असेल तर चालू आकडे दाखवणारा साधा कोड रीडर आणि मल्टिमीटर एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. गेज वर्षातून एकदा लागतो, तो उसना मिळाला तर उत्तम. यांत्रिक के-जेट्रॉनिक असेल तर स्वतःसाठी मीटर ठेवावा आणि दाबाची मोजमापे जाणत्याकडून करून घ्यावीत, मात्र आकडे लिहून मागावेत. ‘प्रेशर ओके’ हे उत्तर पुरेसे नाही. वीस मिनिटांनंतरच्या दाबासह चारही आकडे कागदावर हवेत, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी उरते.

आणि बिघाड महिन्यातून एकदाच, तोही भररस्त्यात दर्शन देत असेल, तर तिन्ही साधनांपेक्षा एक छोटा दिवा जास्त कामाचा आहे. पंपाला रिलेकडून जाणाऱ्या तारेवरून बारीक फ्यूज घालून एक तार डॅशबोर्डपर्यंत आणावी, तिथे बारा व्होल्टचा लहान बल्ब लावून त्याची दुसरी तार अर्थिंगला द्यावी. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सेल्फ मारताना त्या बल्बकडे पाहायचे: तो पेटलेला असेल तर पंप, पाईप आणि क्रँक सेन्सरनंतरचा भाग पाहायचा, विझलेला असेल तर फ्यूज, रिले आणि रिलेला हुकूम देणारी वायरिंग व क्रँक सेन्सर.